लॅपटॉप टीव्हीला जोडायचाय? केबल विकत घेण्याआधी हे बघा

दुकानात जाऊन ‘लॅपटॉप टीव्हीला जोडायची वायर द्या’ म्हटलं की दुकानदार एचडीएमआय केबल काढून देतो. पुष्कळदा ती बरोबरच असते. पण कधी घरी आल्यावर कळतं की लॅपटॉपला तो पोर्टच नाही. कधी केबल हातभर कमी पडते, कधी कन्व्हर्टर नेमका उलट्या दिशेचा निघतो. पाकीट फोडलेलं असलं की परत घ्यायलाही दुकानदार नाखूश असतो.

म्हणून घरातून निघण्याआधी चार गोष्टी ठरवायच्या: दोन्ही टोकांना कोणते पोर्ट आहेत, सिग्नल कुठून कुठे जाणार आहे, टीव्ही किती रिझोल्यूशनचा आहे, म्हणजे त्याच्या पडद्यावर किती ठिपके मावतात, आणि अंतर किती आहे. किमतीचा विचार यानंतर.

हाताशी काय ठेवाल

- मोजपट्टी. नसेल तर सुतळी चालते. केबल जाईल त्याच वाटेने ती लावून नंतर मोजायची.
- मोबाइल. टीव्हीच्या मागच्या आणि कॉम्प्युटरच्या सगळ्या पोर्टांचे जवळून फोटो काढा. दुकानात तोंडी वर्णन करण्यापेक्षा फोटो दाखवणं कधीही सोपं.
- टीव्ही आणि लॅपटॉप दोघांचे मॉडेल नंबर. टीव्हीचा मागच्या स्टिकरवर असतो, लॅपटॉपचा तळाशी.
- टीव्हीचा मूळ रिमोट. सेटटॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीच्या मेनूची बटणं नसतात आणि पुढे त्या मेनूत जावं लागणार आहे.

### १. टीव्हीची पाठ बघा

टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर मोबाइल मागे सरकवून टॉर्च लावून फोटो काढा. शोधायचा आहे तो एचडीएमआयचा पोर्ट: साधारण १४ मिलिमीटर रुंद, साडेचार मिलिमीटर उंच, आडवा, खालचे दोन कोपरे तिरके छाटलेले. गेल्या पंधरा वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक सपाट टीव्हीला तो असतो. ३२ इंची साध्या टीव्हीला बहुतेक दोनच असतात. त्यातला एक सेटटॉप बॉक्सने अडवलेला असतो आणि दुसऱ्यात एखादी स्ट्रीमिंग स्टिक बसलेली असते.

दोन्ही भरलेले असतील तर एचडीएमआय स्विच घ्यावा लागेल. इथे नावाची गल्लत होते. स्विच म्हणजे अनेक उपकरणं एका टीव्हीला जोडणारी डबी. स्प्लिटर नेमका उलटा, एका उपकरणाचं चित्र अनेक टीव्हींना देणारा. दिसायला दोन्ही सारखे असतात. डबीवर ‘इन’ किती आणि ‘आउट’ किती लिहिलेत ते मोजा. तुम्हाला ‘इन’ जास्त आणि ‘आउट’ एक असलेली हवी.

एखाद्या पोर्टाशेजारी ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेलं दिसेल. हा पोर्ट टीव्हीचा आवाज बाहेरही देतो. लॅपटॉप त्यालाही चालतो, पण साउंडबार त्याच पोर्टाला लावावा लागतो, तेव्हा तो मोकळा ठेवा. नव्या फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या, टीव्हीत सगळे पोर्ट एकाच ताकदीचे नसतात. काहींत चारपैकी दोनच १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० चित्रांचा, सिग्नल घेतात आणि तसं त्यांच्यापाशी लिहिलेलं असतं.

टीव्हीचा यूएसबी पोर्ट मात्र या कामाचा नाही. तो पेनड्राइव्हवरचे सिनेमे आणि फोटो दाखवण्यासाठी आहे. दोन्ही टोकांना चपटी यूएसबी पिन असलेली वायर लॅपटॉप आणि टीव्हीत खुपसली तर चित्र येणार नाही. उलट दोन्ही बाजूंचा वीजपुरवठा एकमेकांना भिडून पोर्ट खराब होण्याची भीती असते.

### २. कॉम्प्युटरचे पोर्ट ओळखा

एचडीएमआय. आकार टीव्हीवरच्यासारखाच. काही लहान लॅपटॉप, टॅबलेट आणि एकाच पाटीवरच्या छोट्या कॉम्प्युटरवर मिनी किंवा मायक्रो आकार असतो. सिग्नल तोच, तोंड लहान. मिनी आणि मायक्रो हे वेगळे आकार आहेत. एकाची पिन दुसऱ्यात बसत नाही.

यूएसबी-सी. लहान, लांबट, दोन्ही कडांनी गोल, कशीही फिरवून घालता येते अशी पिन. सगळ्यात जास्त फसगत याच पोर्टात होते, कारण प्रत्येक यूएसबी-सी मधून चित्र बाहेर पडत नाही. काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. पोर्टाशेजारी इंग्रजी डी आणि पी एकमेकांत गुंफलेलं डिस्प्लेपोर्टचं चिन्ह असेल, किंवा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीचं विजेच्या बाणाचं चिन्ह असेल, तर चित्र मिळतं. काहीच छापलेलं नसेल तर मॉडेल नंबर घालून कंपनीच्या पानावरचा तपशील वाचा. ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ किंवा ‘डिस्प्ले आउटपुट’ हे शब्द तिथे सापडले तरच पुढे जा.

डिस्प्लेपोर्ट. साधारण एचडीएमआयएवढाच, पण एकच कोपरा छाटलेला. ऑफिसच्या डेस्कटॉपवर आणि ग्राफिक्स कार्डावर हमखास दिसतो. त्याचा लहान भाऊ मिनी डिस्प्लेपोर्ट २०१७ पर्यंतच्या मॅकबुक एअरवर दिसतो. तिथे त्याला थंडरबोल्ट २ म्हणतात, पण टीव्हीसाठी मिनी डिस्प्लेपोर्टचाच अडॅप्टर चालतो.

डीव्हीआय. मोठा, पांढरा, दोन बाजूंना स्क्रू. जुन्या डेस्कटॉपवर असतो.

व्हीजीए. निळा, तीन ओळींत १५ भोकं, हाही स्क्रूचा. आयबीएमने तो १९८७ मध्ये आणला आणि शाळा-ऑफिसांतल्या प्रोजेक्टरना अजूनही तो लागतो. व्हीजीए केबलच्या पिनेत मधल्या ओळीतली एखादी सुई नसेल तर ती तुटलेली समजू नका. नवव्या क्रमांकाची सुई पुष्कळ केबलींत मुळातच नसते.

डेस्कटॉपवाल्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी चित्राचे पोर्ट असू शकतात: वर यूएसबी पोर्टांच्या शेजारी मदरबोर्डाचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाचे, आणि खाली आडव्या पट्टीत ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावा. बोर्डाच्या पोर्टाला लावल्यावर टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येतं आणि माणूस निष्कारण केबल बदलत बसतो. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये तर ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डाचा पोर्ट दिसायला असला तरी चित्र देत नाही.

### ३. जोडी जुळवा आणि दिशा बघा

केबलीला दिशा नसते, हे साध्या एचडीएमआय-एचडीएमआय केबलीपुरतंच खरं. दोन टोकांना दोन वेगळे पोर्ट आले की मध्ये सिग्नल बदलावा लागतो आणि तो बदल एकाच दिशेने होतो. म्हणून दुकानात नुसतं ‘व्हीजीए-एचडीएमआय कन्व्हर्टर’ म्हणू नका. ‘कॉम्प्युटर व्हीजीए, टीव्ही एचडीएमआय’ असं सांगा. पाकिटावर ज्या पोर्टाचं नाव आधी लिहिलेलं असतं ते कॉम्प्युटरचं टोक, असा रिवाज आहे. पण तो सगळे पाळतात असं नाही, तेव्हा डबीवरचे ‘इन’ आणि ‘आउट’ वाचून खात्री करा.

एचडीएमआय ते एचडीएमआय. साधी केबल. चित्र आणि आवाज दोन्ही जातात. कॉम्प्युटरला हा पोर्ट असेल तर बाकी पर्यायांकडे सहसा बघायची गरज नाही. एक अपवाद आहे, तो चौथ्या पायरीत येतो.

यूएसबी-सी ते एचडीएमआय. एका टोकाला सी, दुसऱ्याला एचडीएमआय अशी एकसंध केबल मिळते किंवा छोटा अडॅप्टर आणि वर साधी एचडीएमआय केबल. लॅपटॉप सतत फिरणारा असेल तर अडॅप्टर बरा, कारण तो बिघडला तरी लांब केबल वाया जात नाही. अनेक पोर्टांचा हब घेणार असाल तर त्यावर ‘फोर-के ६० हर्ट्झ’ लिहिलंय की ‘फोर-के ३० हर्ट्झ’, हे आधी वाचा. हबला त्याच वायरीतून वेगवान यूएसबीही चालवायचा असतो, त्यामुळे चित्राच्या वाट्याला चारपैकी दोनच मार्गिका येतात. स्वस्त हब ३० वर अडकतो त्याचं कारण हेच. लॅपटॉपला यूएसबी-सी एकच असेल आणि चार्जिंगही त्यातूनच होत असेल, तर चार्जिंगची वाट देणारा हब घ्या. नाहीतर सिनेमाच्या मध्यावर बॅटरी संपेल.

मोबाइल चार्जरबरोबर आलेली सी-टू-सी वायर इथे चालत नाही. तिच्यात चित्राच्या तारा घातलेल्याच नसतात.

डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय. ही केबल स्वस्तात मिळते आणि फुल एचडी टीव्हीसाठी पुरेशी आहे. तिच्यात कॉम्प्युटरचा पोर्ट स्वतःच एचडीएमआयच्या भाषेत बोलतो आणि केबल फक्त व्होल्टेज जुळवते. फोर-के ६० हर्ट्झ हवं असेल तर आत चिप असलेला, म्हणजे ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचा अडॅप्टर मागा. ही केबल उलटी लावून चालणार नाही, एचडीएमआयचा लॅपटॉप डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरला तिने जोडता येत नाही. आणखी एक, डिस्प्लेपोर्टच्या पिनेला बहुधा खिट्टी असते. काढताना वरची कळ दाबा. तशीच ओढली तर पोर्ट उखडतो.

डीव्हीआय ते एचडीएमआय. दोन्हींचा डिजिटल सिग्नल एकाच घराण्यातला, त्यामुळे साधी केबल चालते, चिप लागत नाही. चित्र १९२० बाय १२०० पर्यंत मिळतं. आवाज मात्र बहुतेक वेळा येत नाही. त्यासाठी हेडफोनच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरची वेगळी ऑडिओ वायर ओढावी लागते. काही जुन्या टीव्हींवर ‘पीसी ऑडिओ इन’ किंवा ‘डीव्हीआय ऑडिओ इन’ असं भोक असतं, ते याचसाठी. ते नसेल तर आवाज स्पीकरला द्या.

व्हीजीए. इथे दोन वाटा आहेत. टीव्हीलाच ‘पीसी इन’ नावाचा निळा पोर्ट असेल तर साधी व्हीजीए केबल आणि एक ऑडिओ वायर एवढ्यात काम होतं. नसेल तर व्हीजीएचा अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करणारा कन्व्हर्टर लागतो. तो घेताना दोन खुणा तपासा. त्याला वीज घ्यायची यूएसबी शेपटी हवी आणि आवाजासाठी साडेतीन मिलिमीटरची वायर हवी. एका टोकाला निळी पिन, दुसऱ्याला एचडीएमआय पिन आणि मध्ये काहीच नाही अशी सरळसोट वायर बाजारात मिळते, घेऊ नका. आत चिप नसेल तर अ‍ॅनालॉगचं डिजिटल होऊच शकत नाही.

काहीच पोर्ट नाही, फक्त साधा चपटा यूएसबी आहे. यूएसबी ते एचडीएमआय अडॅप्टर मिळतात. त्यांना ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरवर टाकायचं छोटं सॉफ्टवेअर, लागतो आणि यूएसबी ३ चा पोर्ट हवा. लिखाणकाम, सादरीकरण, ऑनलाइन वर्ग यांना ते पुरतात. वेगवान गेमसाठी नकोत. काही सशुल्क स्ट्रीमिंग सेवांचे व्हिडिओ त्यावर काळेही दिसू शकतात.

जुना, मागे फुगीर टीव्ही. पिवळी, लाल, पांढरी भोकं असलेल्या टीव्हीसाठी ‘एचडीएमआय ते एव्ही’ कन्व्हर्टर मिळतो. त्यावर पीएएल आणि एनटीएससी या जुन्या टीव्हींच्या दोन चित्रपद्धती निवडायचं छोटं बटण असतं. आपल्याकडचे टीव्ही पीएएल, तेव्हा तिकडे सरकवा. सिनेमा, भजन, क्रिकेट यासाठी ठीक आहे. पण अक्षरं वाचता येतील अशी अपेक्षा ठेवू नका. या वाटेने उभ्या दिशेत जेमतेम ५७६ ओळी जातात, तेव्हा एक्सेलचा तक्ता किंवा ई-मेल वाचणं होत नाही. मुलांच्या ऑनलाइन अभ्यासासाठी हा खर्च करूच नका.

### ४. केबलीची क्षमता ठरवा

टीव्हीचं रिझोल्यूशन आणि सेकंदाला किती चित्रं हवीत, म्हणजे किती हर्ट्झ, यावर केबलीतून किती माहिती वाहायची ते ठरतं. फुल एचडी ६० हर्ट्झला सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिट लागतात. फोर-के ३० हर्ट्झला ८.९, फोर-के ६० हर्ट्झला १७.८. गेमवाल्यांच्या फोर-के १२० हर्ट्झला याच्या दुपटीच्या आसपास.

त्यानुसार केबलींचे वर्ग आहेत:

- हाय स्पीड: १०.२ गिगाबिट. एचडी रेडी आणि फुल एचडी टीव्हीला एवढी भरपूर झाली.
- प्रीमियम हाय स्पीड: १८ गिगाबिट. फोर-के ६० हर्ट्झसाठी ही.
- अल्ट्रा हाय स्पीड: ४८ गिगाबिट. फोर-के १२० हर्ट्झ किंवा एट-के साठी.

पाकिटावर ‘२.० केबल’, ‘२.१ केबल’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं दिसेल. हे आकडे पोर्टांचे आहेत. केबलीवर ते छापू नयेत असा एचडीएमआयच्या परवान्याचाच नियम आहे. तेव्हा आकडा सोडा आणि वर्गाचं नाव शोधा. प्रीमियम आणि अल्ट्रा या दोन वर्गांच्या प्रमाणित केबलींच्या पाकिटावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. एचडीएमआयच्या अधिकृत मोबाइल ॲपने ते दुकानातच तपासता येतं.

आता वर म्हटलेला अपवाद. काही वर्षांपूर्वीच्या पुष्कळ लॅपटॉपांचा एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचा आहे. २००९ च्या या आवृत्तीत फोर-के फक्त ३० हर्ट्झपर्यंत मिळतं. असा लॅपटॉप फोर-के टीव्हीला जोडला की चित्र येतं, पण माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा दिसतो. केबल कितीही भारी आणली तरी फरक पडत नाही. त्याच लॅपटॉपला चित्र देणारा यूएसबी-सी असेल तर त्यातून, चांगल्या अडॅप्टरने, बहुधा ६० हर्ट्झ मिळतात. तो नसेल तर रिझोल्यूशन फुल एचडीवर आणा, लगेच ६० हर्ट्झ मिळतील. चार हात लांब बसून सिनेमा बघणाऱ्याला यात फारसं काही गमावल्यासारखं वाटणार नाही.

भारी केबलीने रंग खुलतात, काळा रंग अधिक काळा दिसतो, असं सांगून महाग केबल गळ्यात मारली जाते. डिजिटल सिग्नलमध्ये तसं होत नाही. सिग्नल नीट पोचला की चित्र पूर्ण मिळतं. कमी पडला की ठिपके चमकतात, चित्र जातं-येतं किंवा येतच नाही. फिकट रंग हे केबलीचं दुखणं नव्हे, ते सेटिंगमध्ये दुरुस्त होतं. सोन्याचा मुलामा असलेल्या पिनेचा उपयोग एवढाच की ती गंजत नाही. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत तो जरूर घ्यावा, कोरड्या गावी त्यासाठी जास्त पैसे मोजायला नकोत.

### ५. लांबी मोजा

केबल हवेतून सरळ जात नाही. टीव्हीच्या पाठीतून खाली, भिंतीच्या कडेने, टेबलाच्या मागून अशी जाते. त्या वाटेने मोजा आणि वर अर्धा मीटर धरा. टीव्ही फिरत्या स्टँडवर असेल तर आणखी अर्धा. पाच मीटर ‘असू दे’ म्हणून घेऊ नका, कारण तांब्याच्या केबलीत लांबीबरोबर सिग्नल खंगतो.

ढोबळ हिशोब असा. फुल एचडीसाठी १० मीटरपर्यंत चांगली साधी केबल चालते. फोर-के ६० हर्ट्झला ५ मीटरच्या आत राहा. फोर-के १२० हर्ट्झला ३ मीटरच्या आत.

त्याहून लांब जायचं असेल तर फायबर असलेली ‘ऑप्टिकल’ एचडीएमआय केबल घ्या. ती बारीक आणि हलकी असते, १५-२० मीटरलाही फोर-के नेते. पण तिला दिशा असते: एका पिनेवर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’ लिहिलेलं असतं. भिंतीच्या पाइपातून ओढण्याआधी कोणतं टोक कुठे येणार ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. हॉल, मंदिर, वर्ग अशा ठिकाणी फुल एचडी चालणार असेल तर लॅनच्या वायरीवरून चित्र नेणारी दोन डब्यांची जोडीही मिळते. तिला कॅट-६ वायर घ्या आणि ती अस्सल तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीवर चित्र तुटतं.

दोन लहान केबली जोडणीने जोडून लांबी वाढवायचं टाळा. प्रत्येक सांध्यावर सिग्नल घटतो आणि सांधा ढिला होतो.

भिंतीत गुपित पाइप टाकून घेणाऱ्यांसाठी: एचडीएमआयची धातूची पिन १४ मिलिमीटरची असली तरी तिचं प्लॅस्टिकचं बोंडूक साधारण २० मिलिमीटर रुंद असतं. घरच्या वायरिंगला सर्रास वापरला जाणारा १९ किंवा २५ मिलिमीटरचा पाइप आणि त्यात एक काटकोनी बेंड असला की ते अडकलंच. वायरमनला या कामासाठी ४० मिलिमीटरचा पाइप आणि काटकोनाऐवजी लांब वळण टाकायला सांगा. आत ओढायची दोरी आधीच ठेवून घ्या. विजेच्या तारा त्याच पाइपातून नेऊ देऊ नका. आणि नवी केबल पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, तासभर चालवून बघा.

### ६. विकत घेताना

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, इथे प्रत्येक प्रकार मिळतो आणि पुष्कळ दुकानांत जोडून दाखवतात. लॅपटॉप बरोबर न्या. ऑनलाइन घेत असाल तर तारांकित अभिप्रायांपेक्षा परत घेण्याची अट आधी वाचा.

पिन आणि वायर यांच्या सांध्यापाशी मऊ रबराची मान आहे का बघा, केबल तिथेच तुटते. पिनेचं बोंडूक फार जाड असेल तर शेजारच्या पोर्टात दुसरी पिन बसत नाही. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर काटकोनी पिन उपयोगी पडते, पण ती वर वळते की खाली, हे तुमच्या पोर्टाच्या फोटोशी ताडून घ्या.

### ७. जोडण्याआधी वीज बघा

एचडीएमआय चालू उपकरणांना लावता-काढता येईल अशीच बनवलेली आहे. तरी आपल्या घरांत एक धोका असतो, तो अर्थिंगचा. जुन्या वाड्यात, चाळीत, कधी भाड्याच्या फ्लॅटमध्येही तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अशा वेळी कॉम्प्युटरच्या पत्र्यावर थोडा विजेचा दाब साचतो, हात लावला की मुंग्या येतात. टीव्हीच्या बाजूला केबल टीव्हीची किंवा डिशची वायर छतावरून आलेली असते आणि तिचा दाब वेगळा असतो. एचडीएमआयची पिन आत जाताच हा फरक तिच्यातून वाहतो आणि पोर्ट जळू शकतो.

म्हणून कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा, आणि तो बोर्ड अर्थिंग असलेल्या सॉकेटला. पहिल्यांदा जोडताना दोन्हींची बटणं भिंतीवरून बंद करा. मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, केबल नंतर. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की डिशची वायर, टीव्ही आणि लॅपटॉप तिन्ही सोडवून ठेवा. त्या वेळी नुसतं बटण बंद करणं पुरत नाही.

### ८. जोडा आणि सेटिंग लावा

आधी केबल, मग टीव्ही, शेवटी कॉम्प्युटर चालू करा. रिमोटवरचं ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ दाबून ज्या पोर्टाला केबल लावली तोच क्रमांक निवडा. यादीत त्या पोर्टाला ‘पीसी’ असं नाव देता येत असेल तर द्या. बऱ्याच टीव्हींत नुसत्या नावानेच चित्रावरची प्रक्रिया कमी होते आणि अक्षरं स्पष्ट दिसतात.

विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबा. चार पर्याय येतात: फक्त कॉम्प्युटर, दोन्हीकडे तेच, दोन्ही मिळून एक मोठा पडदा, फक्त टीव्ही. सिनेमासाठी ‘फक्त टीव्ही’ उत्तम, कारण ‘दोन्हीकडे तेच’ निवडलं की लॅपटॉपच्या कमी रिझोल्यूशनवर टीव्ही ओढला जाऊ शकतो. मॅकवर हेच काम सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘डिस्प्लेज’मध्ये होतं.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जाऊन हर्ट्झ तपासा. ६० देता येत असताना ३० लागलेले असू शकतात. फोर-के टीव्हीवर ६० चा पर्यायच दिसत नसेल तर टीव्हीच्या मेनूत तो पोर्ट खुला करावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मधला ‘एन्हान्स्ड’ असं नाव आहे.

### ९. काय बिघडतं आणि का

आवाज लॅपटॉपमधूनच येतो. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून आउटपुट म्हणून टीव्हीचं नाव निवडा. नाव दिसत नसेल तर डीव्हीआय किंवा व्हीजीएची वाट असणार. तिथे ऑडिओची वेगळी वायर लागते.

चित्राच्या कडा कापल्या जातात, खालची पट्टी दिसत नाही. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्ही जुन्या प्रक्षेपणाच्या सवयीने चित्र थोडं फुगवतो. इलाज टीव्हीच्या मेनूत आहे: चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ निवडा. कॉम्प्युटरमधून चित्र आक्रसवू नका, त्याने अक्षरं पुसट होतात.

काळा रंग राखाडी दिसतो किंवा अंधारातलं काही दिसतच नाही. कॉम्प्युटर एका रंगपट्ट्यात पाठवतोय आणि टीव्ही दुसरा समजतोय. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ असे पर्याय असतात. टीव्हीवर जे असेल तेच इथे लावा.

माउस हलवल्यावर बाण उशिरा हलतो. टीव्हीवर ‘गेम’ मोड लावा.

लॅपटॉपचं झाकण मिटलं की टीव्ही बंद होतो. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीच करू नका’ हा पर्याय निवडा. हवा खालून जात असेल तर लॅपटॉप गादीवर ठेवू नका.

वेबसाइटवरचा सिनेमा काळा, बाकी सगळं दिसतं. सशुल्क व्हिडिओला एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि साखळीतल्या प्रत्येक दुव्याला ते उघडता यायला हवं. फोर-केसाठी त्याची २.२ आवृत्ती लागते. मधला स्विच, स्प्लिटर किंवा व्हीजीए कन्व्हर्टर काढून थेट जोडून बघा.

ठिपके चमकतात, चित्र दोन सेकंद जाऊन परत येतं. ही केबल कमी पडल्याची खूण. खात्री करायला ६० हर्ट्झचे ३० करा किंवा फोर-केचं फुल एचडी. त्रास थांबला तर केबल लांब किंवा कमी क्षमतेची आहे. थांबला नाही तर पिना काढून परत घट्ट बसवा, मग एक-दीड मीटरची दुसरी केबल लावून बघा. सेटटॉप बॉक्सची उसनी घेतली तरी चालेल. तिच्यावरही तेच होत असेल तर तीच केबल टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टात लावा. तिथे चित्र स्थिर राहिलं तर पहिला पोर्ट सैल झालाय, आणि तो फक्त सेटटॉप बॉक्ससाठी ठेवून लॅपटॉप या दुसऱ्या पोर्टावर चालवता येईल.